पाण्याचा शेवटचा थर

माणूस कसा आहे ते मला त्याच्या खुर्चीवरून कळतं. सोफे-खुर्च्या भरायचा माझा धंदा. लोकांची तोंडं मी नंतर बघतो, बैठक आधी. कोण एका अंगावर रेलून बसतो, कोण कडेला टेकून पाय हलवत राहतो, कोणाच्या घरात पाहुण्यांची खुर्ची कोरी करकरीत आणि म्हाताऱ्यांच्या खुर्चीतून स्प्रिंगा बाहेर, सगळं फोम सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीची प्रयोगशाळेतली खुर्ची एकदा माझ्याकडे दुरुस्तीला आली. उलटी करून पाहिली तर चाकं पार झिजलेली. सुलटी केली तर बैठक जशी दुकानातून आली तशी, बोट दाबावं तर लगेच वर. इतकी वर्षं वापरातली खुर्ची आणि फोमला साधी खळी नाही. मी भावोजींना म्हणालो, "ही बसायला वापरलेलीच नाही, हिला नुसती ढकलत फिरवलीय."

भावोजी म्हणाले, "तुला आज कळलं? मी लग्नापासून ढकलला जातोय."

आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पुढे पाय राहिले बाजूला आणि भिंगरी हेच नाव पडलं. मी तेवढा ताई म्हणतो. ती उभ्याने जेवते, चालत फोन करते, सिनेमा दाराच्या चौकटीला टेकून बघते. भांडायला आली तरी एका जागी उभी राहून भांडत नाही. मला चार शब्द सुनावता सुनावता माझ्या डब्यातले खिळे लहान-मोठे वेगळे करून ठेवते, आणि मग पुढचा आठवडाभर मला हवा तो खिळा सापडत नाही. मला तिचा राग येतो. मायाही आहे, पण राग आधी येतो, हे आताच सांगून टाकलेलं बरं.

बाबांचं कुलुपं-किल्ल्यांचं दुकान रस्त्याच्या तोंडाशी, एका जिन्याखाली होतं. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडाच. एक स्टूल, एक फळी, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे घोस, आणि उजेड यायचा तो फक्त दारातून. त्यामुळे दारात कुणी उभं राहिलं की आत अंधार. लहानपणी शाळेतून आलो की आम्ही दोघं दारातच घुटमळायचो आणि बाबा मान वर न करता म्हणायचे, "उजेड सोड." बाबांचं आमच्याशी बोलणं म्हणजे बहुतेक एवढंच. हातात कुलूप असलं की ते कुणाकडे बघायचे नाहीत, आणि कुलूप कायम हातात असायचं.

त्यांची एक रीत होती. कुलूप कितीही बिघडलेलं असो, हत्यार लावायच्या आधी ते कानाशी नेऊन हलवायचे. आत काही खुळखुळलं की म्हणायचे, "बोलतंय. होईल." न खुळखुळणाऱ्या कुलपाची त्यांना धास्ती. "आत थोडी ढील लागते," ते सांगायचे. "सगळं अगदी घट्ट बसवलं तर किल्ली आत जाते, पण फिरत नाही."

त्या दारात ताई वाढली, आणि तिथून ती रसायनशास्त्रात गेली. दवाखान्यांना लागणारं तपासणीचं सामान बनवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली. आमच्या घरात तोवर प्रोटीन म्हणजे अंडी, त्यामुळे ती काय करते हे कुणाला धड कळत नव्हतं. एकदा तिने ते बाबांना दुकानात येऊन सांगितलं. मी होतो तिथे. ती बोलताना कोऱ्या किल्ल्यांचे घोस उंचीप्रमाणे लावत होती.

"आमच्या पुस्तकात कुलूप-किल्लीचंच चित्र असतं, बाबा," ती म्हणाली. "प्रोटीन म्हणजे कुलूप, त्यात बसणारी वस्तू म्हणजे किल्ली."

बाबा खूश झाले. मान वर केली नाही, पण हात थांबला.

"पण ते चित्र अर्धंच खरं आहे. ते कुलूप लोखंडाचं नसतं. लांबलचक साखळी गुंडाळून झालेलं असतं, आणि ते सारखं थरथरतं. फट उघडते, मिटते, पुन्हा उघडते. त्या फटीतून रक्तातल्या साखरेचा कण आत शिरतो आणि काम होतं. थरथरलं नाही तर फटच उघडणार नाही."

"हलवतं कोण?" बाबांनी विचारलं.

"भोवतीचं पाणी. पाण्याचे कण चहूबाजूंनी धक्के मारत असतात. गर्दीत माणूस ढकलला जातो ना, तसं. पाण्याऐवजी घट्ट पाक घाला, त्याची हालचाल मंदावते. गोठवा, थांबते. पाणी काढून घ्या, थिजते. आकार तोच राहतो, पण ढिम्म."

"म्हणजे वंगण."

"वंगण आणि धक्के, दोन्ही."

बाबा म्हणाले, "मग पाण्यातच ठेवा की."

इथेच तर सगळी मेख होती, आणि ती सांगताना ताईने घोस सोडून दिला. पाण्यात ठेवलं की प्रोटीन काम करतं, पण हलून हलून शेवटी उलगडतं आणि कामातून जातं. फ्रीजमध्ये ठेवलं तर टिकतं, पण लांबच्या दवाखान्यांत फ्रीजचा भरवसा नाही. म्हणून ताई ते एका वेगळ्या जातीच्या साखरेच्या, रक्तातल्या नव्हे, पाण्यात मिसळायची, गोठवायची आणि मशीनमध्ये घालून हवा ओढून घेत वाळवायची. साखरेची काचेसारखी कवची होते आणि प्रोटीन तिच्यात अडकून पडतं. हलत नाही, म्हणून बिघडत नाही. मग कुठल्याशा दवाखान्यात नर्स त्या कुपीत पाणी घालते, रक्तातून वेगळ्या काढलेल्या पिवळट पाण्याचा थेंब टाकते आणि साखर जास्त असली तर कुपी गुलाबी होते.

"जपायचं तर हलू द्यायचं नाही," ताई म्हणाली, "आणि काम करून घ्यायचं तर हलू दिलंच पाहिजे. मी रोज या दोघांच्या मध्ये लोंबकळत असते."

"तू लोंबकळतेस आणि आम्हाला झोके," मी म्हणालो. तिने किल्ल्यांचा घोस माझ्या डोक्यात घातला.

या कामामुळे तिला एक खोड लागली. ओल दिसली की हिचा जीव वरखाली. तिच्या घरात जिकडेतिकडे त्या पांढऱ्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यात असतात ना, ओल शोषणाऱ्या, त्या ठेवलेल्या. बिस्किटांच्या डब्यात पुडी, कपाटात पुडी, भावोजींच्या गणिताच्या पेपरांत पुडी. भावोजी शाळेत शिकवतात, स्वभावाने गरीब. एकदा साखरेची पुडी समजून ते ती फाडून चहात टाकायला निघाले होते. ताईने ती हातातून हिसकावली आणि वर त्यांनाच रागावली.

मग बाबा पडले. दुकानातच, स्टुलावरून. अर्धांगवायूचा हलका झटका आला होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने उचलून दवाखान्यात नेलं म्हणून वेळेत उपचार झाले. डावा हात थोडा अधू झाला, बाकी शुद्ध शाबूत. डॉक्टर म्हणाले, चालू-फिरू द्या, जमेल तेवढं करू द्या, फक्त पुन्हा पडणार नाहीत हे बघा. या वाक्याचा पहिला भाग माझ्या कानात राहिला आणि शेवटचा ताईच्या.

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत होते. ताईने त्यांना आपल्या घरी नेलं, आणि एका आठवड्यात त्या घराचा दवाखाना केला. गालिचे गुंडाळले. टेबलाचे कोपरे माझ्याकडून फोम नेऊन मढवले. न्हाणीघरात दांड्या बसवल्या. गॅसचं बटण काढून ठेवलं. जंतू येतात म्हणून भेटायला येणारे बंद, धूळ आणि गोंगाट येतो म्हणून रस्त्याकडची खिडकी बंद. बाबांची हत्यारांची पेटी तिने दुकानातून आणली, एकेक हत्यार पुसलं, कापडात गुंडाळलं, प्रत्येकाशी एक पांढरी पुडी ठेवली आणि पेटी कपाटाच्या वर नेऊन टाकली. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिने त्यांना. खोटं का बोला, माझ्याने झालं नसतं. मी फक्त खुर्ची भरून दिली, उंच हातांची, चांगल्या घट्ट फोमची.

ती खुर्चीच मला सगळं सांगू लागली. मी दर रविवारी जायचो. बाबांचा रंग सुधारला होता, रक्तदाब असा की डॉक्टरांनी शाबासकी द्यावी. पण बैठकीत खळी पडत चालली होती. एकच खळी, एकाच जागी, दर रविवारी थोडी जास्त खोल. माणूस झोपेतसुद्धा कूस बदलतो हो. इथे तेवढंही नाही. मी काही विचारलं की म्हणायचे, "बरं." चहा घेणार? बरं. खिडकी उघडू? बरं. उघडली नाही तरी बरंच. ताई त्यांच्या भोवती गरगर फिरत असायची, उशी सरळ कर, गोळी दे, पाय उचलून ठेव, आणि मधोमध ते. 

त्यातच तिने दुकान सोडायचं ठरवलं. झेरॉक्सवाल्याला दुसरं मशीन ठेवायला जागा हवीच होती. महिनाअखेरीस किल्ली त्याच्या हातात द्यायची, असं बोलणं होऊनसुद्धा गेलं. मला कळलं ते झेरॉक्सवाल्याकडून. त्याला बिचाऱ्याला वाटलं, मला माहीत आहे.

मी तडक तिच्या घरी गेलो. "बाबांना विचारलंस?"

"विचारलं. बरं म्हणाले."

"ते सगळ्यालाच बरं म्हणतात!"

"हळू बोल." तिने बाबांच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या भांडी पुसायला लागली. कोरडी भांडी. "दुकान असलं की ओढ राहणार. ओढ राहिली की एक दिवस निघतील. निघाले की पडणार. तू उचलायला असशील का तिथे?"

"आणि दुकान गेलं तर ते या खुर्चीतून उठतील का कधी?"

"उठायची गरज काय? सगळं मिळतंय त्यांना इथे."

मी बरंच बोललो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी रागाने म्हणालो की तू त्यांना कपाटावर ठेवलंयस, पेटीच्या शेजारी. तिने हातातलं भांडं आदळलं. आम्ही दोन आठवडे बोललो नाही. महिना संपत आला. दुकान एकदा गेलं की बाबाही गेले, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि करता येण्यासारखं काही नव्हतं, कारण ते तिच्या घरात होते, आणि तिच्या घरात तीच भिंगरी आणि तीच खुंटी.

नंतरची भेट तिच्या प्रयोगशाळेत झाली, तीही कामाच्या निमित्ताने. त्यांची स्टुलं नव्याने मढवून द्यायची होती. मी गठ्ठा घेऊन जिना चढलो तर लांबलचक खोलीत सगळे गप्प. पांढरी टेबलं, भिंतीशी वाळवायचं मशीन घरघरतंय, खिडकीपाशी तिच्या खात्याच्या प्रमुख, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, हाताची घडी घालून उभ्या. आणि ताई टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून टेबलापर्यंत. टेबलावर कुप्यांची रांगच्या रांग. सगळ्या पांढऱ्या.

"गुलाबी व्हायला हव्या होत्या," ताई मला म्हणाली. भांडण विसरली होती, इतकी घाबरली होती. "सोमवारी या दवाखान्यांत जायच्या होत्या चाचणीला. पावडर बघ. इतकी सुंदर खेप मी आजवर काढलेली नाही. ओल म्हणशील तर नावाला नाही. मशीनवर आकार तपासला, जसाच्या तसा. पाणी घातलं, तपासायची साखर घातली, आणि काही नाही. ढिम्म."

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "वाळवण किती वेळ चालू ठेवलंस?"

"नेहमीपेक्षा जास्त."

"का?"

"तिकडे फ्रीज नाही म्हणून. जराही ओल राहिली आणि वाटेत बिघडलं तर?" ताई कुप्या सरळ असतानाही पुन्हा सरळ करत होती. "भीती वाटली. म्हणून पुन्हा चालवलं. मग आणखी एकदा."

"अगं, शेवटचा थर काढलास तू."

मला कळलं नाही. मोठ्या बाईंना बहुतेक कुणाला तरी सांगून राग शांत करायचा होता, त्यांनी मला सांगितलं. सगळं पाणी गेलं तरी पाण्याचा एक अगदी पातळ थर प्रोटीनच्या अंगाला धरून राहतो. डोळ्यांना ते कोरडंच दिसतं. तो थर ठेवायचा असतो. त्याच्या आधारावर ते आतल्या आत तग धरतं आणि पाणी परत आलं की हलायला लागतं. तोही ओढून काढला की वरून आकार उभा, पण पाणी आलं तरी त्याला नीट सावरता येत नाही. "जपायच्या नादात गेलं," बाई म्हणाल्या. "नव्या मुलांकडून होतं असं. भिंगरी, तुझ्याकडून व्हावं?"

"अति तिथे माती," ताई स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे चालू लागली.

मी गप्प बसायला हवं होतं. बाई होत्या, बाकीचे होते. पण माझी जीभही ताईच्या पायांसारखीच. मी म्हणालो, "बाबांचंही तू हेच केलंयस."

ताई थांबली. भर खोलीत, मध्येच. ती थांबलेली मी क्वचितच पाहिली आहे, त्यामुळे मलाच भीती वाटली. "स्टुलं ठेव आणि जा," ती म्हणाली.

मी गेलो. पुढचं मला भावोजींनी त्याच रात्री फोनवर सांगितलं. खेप टाकून द्यायची ठरली. कुप्या ट्रेमध्ये भरताना ताईला एक कुपी कोपऱ्यात सापडली, सकाळीच पाणी आणि साखर घालून बाजूला राहिलेली. तिच्यात रंग आला होता. गुलाबी म्हणण्याइतका नाही, पण पांढराही नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, इतका वेळ कुठला रुग्ण थांबणार आहे, आपल्या कामाचं नाही, टाक. ताईने ती कुपी टाकली नाही. झगा काढताना खिशातून काढून पर्समध्ये ठेवली आणि घरी आली.

घरी आल्यावर तिने एक जुनं कुलूप शोधलं, बाबांच्या हातात दिलं आणि समोर उभी राहिली. बाबांनी कुलूप पाहिलं. कानाशी नेलं नाही. हलवलं नाही. थोडा वेळ मांडीवर ठेवलं आणि परत तिच्यापुढे धरून म्हणाले, "बरं." भावोजी म्हणतात, त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्या डब्यांतल्या पांढऱ्या पुड्या काढून केराच्या टोपलीत टाकत सुटली. ते अडवायला गेले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाला तेवढं कळतं.

सकाळी माझा फोन वाजला. झेरॉक्सवाला. "अहो, तुमची ताई बाबांना घेऊन आलीय. दुकान उघडलंय. मला जागा देणार ना नक्की?"

मी अर्धी भरलेली खुर्ची तशीच टाकून निघालो. पोचलो तेव्हा बाबा स्टुलावर बसले होते. स्टुलाला तिने मागे पाठ आणि बाजूला पट्टा लावला होता, म्हणजे जित्याची खोड. पेटी फळीवर, बंद. ती आत-बाहेर करत होती, जळमटं काढत होती, घड्याळ बघत होती. "तिकडे नवी खेप मशीनमध्ये आहे," ती म्हणाली. "वेळेवर बंद नाही केली तर पुन्हा तेच. बाईंना सांगून आलेय, पण जीव थाऱ्यावर नाही."

"मग जा."

"कशी जाऊ?"

बाबा समोर बघत होते. सकाळची वेळ, रस्ता भरून वाहत होता. माणसं फळीला धक्का देऊन जात होती. कुणी पत्ता विचारला, कुणी सुटे मागितले, एका पोराने फळीवर दप्तर टेकवून बुटाची नाडी बांधली. एक जाडगेला माणूस आत डोकावून "काय मालक, मेला होतात काय?" म्हणून हसत पुढे गेला, मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. बाबांचं तोंड तसंच. दुपार होत आली. झेरॉक्सवाल्याने चहा पाठवला, तो निवला.

"झालं," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "उशीर केला मी. उठवू या त्यांना."

"थांब जरा."

"किती थांबू?"

"त्या कोपऱ्यातल्या कुपीला रंग यायला किती वेळ लागला?" मी विचारलं.

 तिने पेटी उघडली. आतली हत्यारं लखलखत होती, एकालाही गंजाचा ठिपका नाही, आणि प्रत्येकाच्या शेजारी पांढरी पुडी. बाबांनी खाली पाहिलं. उजवा हात उचलला, एक पुडी दोन बोटांत धरली, तिच्याकडे नाकात काही शिरल्यासारखं तोंड करून पाहिलं आणि रस्त्यावर टाकली. मग दुसरी टाकली. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की तो पुढे दोन दिवस दुखत होता.

तेवढ्यात एक बाई घुसली. हातात मोठं कुलूप, आत किल्लीचा तुटका तुकडा अडकलेला. घाईत होती, रागात होती. कोण बसलंय, कसं बसलंय हे न बघता तिने कुलूप फळीवर आपटलं आणि शेजारणीचं सांगायला लागली, तिनेच किल्ली तोडली, वर कबूल करत नाही, सामान आत अडकलंय, मुलं दारात उभी आहेत, किती वेळ लागेल, अहो तुमच्याशी बोलतेय मी. ताई पुढे झाली, "अहो बाई, ते आजारी..." म्हणत दारात आडवी उभी राहिली.

आत बाबांनी कुलूप उचललं. अधू हाताला वजन पेललं नाही, ते घसरलं, त्यांनी दुसऱ्या हाताने सावरलं. सावकाश कानाशी नेलं. हलवलं.

"बोलतंय," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की बाईला ऐकू गेलं नाही, ती शेजारणीवरच होती. मला ऐकू गेलं. ताईलाही. ती गर्रकन वळली आणि दारातच खिळल्यासारखी उभी राहिली. बाबांनी पेटीतला बारीक चिमटा चाचपून काढला, कुलूप फळीच्या कडेला टेकवलं, डोळे बारीक केले आणि कपाळाला आठी घातली. त्यांना दिसत नव्हतं.

मान वर न करता ते म्हणाले, "उजेड सोड."

ताईने आयुष्यात कुणाचं पहिल्या फटक्यात ऐकलेलं नाही. ती बाजूला झाली. फुटपाथवर आली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसली आणि लोक बघताहेत याची पर्वा न करता मोठमोठ्याने रडू लागली. किल्लीवाली बाई बोलायची थांबली, झेरॉक्सवाला बाहेर आला. बाबांना ऐकू गेलंच असणार, पण हातात कुलूप असलं की ते कुणाकडे बघत नाहीत.